बारा बाय चौदाची खोली

४ एप्रिल

छोट्या,

तुझी दोन खोकी काल दुपारी पोचली. ट्रकवाल्याने ती दारात टेकवली, माझी सही घेतली आणि मी "आत तरी ठेवा" म्हणेपर्यंत गाडी वळवलीसुद्धा. शेवटी तुझ्या भाऊजींनी आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याने मिळून ती ढकलत जिन्याखाली नेली. भाऊजींची कंबर तेव्हापासून रुसली आहे.

फोनवर तू "कामावर आहे, नंतर बोलतो" म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून कागद घेतला. शिवाय विचारायचं आहे ते नट-बोल्टांचं, आणि ते ऐकून माझ्या लक्षात राहायचं नाही.

आधी आईचं सांगते. गेल्या महिन्यात तिला चक्कर आली एवढंच तुला कळवलं होतं. झालं ते जरा जास्त होतं. दुपारी तीनच्या सुमारास खाटेवरून उठताना ती पडली. अंग भाजत होतं आणि बोलत होती ते काहीच्या बाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात शरीराला उष्मा झेपत नाही, त्यांची खोली थंड ठेवा, पुन्हा असं झालं तर मी कसलीच खात्री देणार नाही. खोली थंड ठेवायला सांगितलंय एवढंच तू ऐकलंस आणि आठ दिवसांत एसी पाठवलास. तुझं कौतुक पुढच्या पत्रात करीन, नाहीतर आत्ताच फुगशील.

तर प्रश्न असा, की हा एसी मी स्वतःच बसवू का? हसू नकोस. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सहायक आहे. तिथले बर्नर, नळ, पंखे कोण दुरुस्त करतं ते आमच्या शिपायाला विचार. खोक्यातलं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं. त्यातला माणूस प्रत्येक चित्रात हसत हसत काम करतो आहे, म्हणजे फार अवघड नसावं.

तुझी ताई

९ एप्रिल

ताई,

नाही. बसवू नकोस.

चित्रातल्या माणसाला हसायचेच पैसे मिळतात. भिंतीला भोक पाडणं, पट्टी ठोकणं तुला जमेल, माझी शंका नाही. पण तांब्याच्या नळ्या जोडणं हे हाताला कळावं लागतं. नट जरा कमी आवळला तरी गॅस जातो आणि जास्त आवळला तरी जातो. शिवाय नळ्यांतली हवा आणि दमटपणा पंप लावून ओढून काढावा लागतो. माझ्या दुकानातला कुणी पंप न लावता गॅस सोडताना दिसला तर त्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही.

तुमच्या गावात मिशीवाला आहे. माझ्याबरोबर सात वर्षं होता, आता स्वतःचं दुकान टाकलंय. नंबर मागे लिहिलाय. माझं नाव सांग, तो येईल. मला मात्र खोलीची मापं पाठव, म्हणजे त्याला काय सांगायचं ते ठरवतो. लांबी, रुंदी, उंची, खिडकी कुठल्या दिशेला, वर दुसरी खोली आहे की उघडा स्लॅब.

मी स्वतः आलो असतो. पण एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी, माहीत आहे तुला. जेवायलासुद्धा उभ्या-उभ्याच.

आईला नमस्कार सांग.

छोट्या

१३ एप्रिल

छोट्या,

पन्नाशीला आलास, पोट सुटलं, तरी सही अजून छोट्याच करतोस याचं बरं वाटतं.

मिशीवाल्याकडे चौकशी केली. त्याला तीन आठवडे वेळ नाही. तीन आठवडे म्हणजे मे उजाडला, आणि इथे आत्ताच दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आई सकाळी दहापर्यंत बरी असते. मग हळूहळू तिचं बोलणं कमी होतं. काल शाळेतून आले तेव्हा ती ओला पंचा डोक्यावर घेऊन खाटेच्या कडेला बसली होती. मी विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही, केस धुतले. केस तिने धुतले नव्हते.

म्हणून मीच बसवते. मापं लिहून घे. लांबी चौदा फूट, रुंदी बारा, उंची साडेनऊ. खिडकी एक, दोन झडपांची, पश्चिमेला. वर काही नाही. खिडकीखाली बाहेरच्या बाजूला रुंद कठडा आहे, बाहेरचं युनिट तिथे बसेल असं भाऊजी म्हणतात. भाऊजींचं म्हणणं तू तपासून घे.

तुझ्या भाचीची परीक्षा जूनमध्ये आहे. पोरगी पुस्तकातून मान वर काढत नाही. तिच्या आजीलाही तेच वाटतं, की हे वर्ष तिचं नीट जावं.

ताई

१८ एप्रिल

ताई,

मापं मिळाली.

मिशीवाल्याला वेळ नसेल तर तूच बसव. सांगतो तसं कर, घाई करू नकोस.

आतल्या युनिटची पट्टी लेव्हल लावूनच ठोक. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाड, म्हणजे पाणी आत यायचं नाही. नळ्या वाकवताना गुडघ्यावर धरून हळू वाकव, एकदा चेपली की संपली. नट आवळताना दोन पाने लागतात, एकाने मागचा भाग धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने आवळलास तर नळी पिळवटते. सगळं झालं की सांध्यांना साबणाचा फेस लाव, बुडबुडे आले तर गळती आहे. विजेची तार वेगळी, अर्थिंग तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

पंप नसला तरी चालेल. बारीक नळीची झडप थोडी उघड, जाड नळीच्या टोकाशी नट सैल ठेव, पाच-सात सेकंद हवा फुसकन बाहेर जाऊ दे आणि लगेच आवळ. पूर्वी सगळे असंच करायचे.

एक टनाचा एसी तिथे जरा अपुरा पडेल. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लाव.

आईला नमस्कार.

छोट्या

२९ एप्रिल

छोट्या,

बसला. सांगते ऐक.

शनिवार-रविवार दोन्ही दिवस गेले. ड्रिल आमच्या ओळखीच्या सुताराकडून आणलं. भोक पाडताना अशी धूळ उडाली, की भाऊजी शिडीवर पांढरे होऊन उभे, आणि आई खाटेवरून त्यांना विचारते आहे, जावईबापू, तुम्ही आधीच म्हातारे होतात की आत्ता झालात? बाहेरचं युनिट दोघांनी मिळून कठड्यावर चढवलं. माझ्या तळहाताला चार फोड आले, ते मी आईपासून लपवले, तिने ते पाहिलेच.

रविवारी संध्याकाळी बटण दाबलं. पहिली दोन मिनिटं काहीच नाही आणि मग जी गार हवा आली, आम्ही चौघंही नुसते त्याच्याकडे बघत बसलो. तुझी भाचीसुद्धा पुस्तक घेऊन वर आली. आई म्हणाली, हे माझ्या लेकीने बसवलं, बाहेरच्या माणसाचा हात नाही लागला. तीनदा म्हणाली. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

आता तर तिला थंडी वाजते. खरंच सांगते. बुधवारपासून रोज शाळेतून आल्यावर तिच्याकडे जाते तर एसी बंद आणि बाईसाहेब शाल पांघरून बसलेल्या. म्हणते, फार गारठा झाला गं, आत्ताच बंद केला. भर एप्रिलात शाल. मी तिला म्हटलं, तुझा मुलगा ऐकेल तर नाचेल.

तेव्हा नाच.

ताई

४ मे

ताई,

मी नाचलो नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

एक टनाच्या एसीने त्या खोलीत गारठा होत नाही. पश्चिमेची खिडकी, वर तापलेला उघडा स्लॅब. तो एसी कसाबसा चाळीस अंशांवरून बत्तीसवर आणेल. शाल लागायचं कारणच नाही. शाळेतून थर्मामीटर आण. एसी वीस मिनिटं चालू ठेव आणि हवा बाहेर पडते तिथे धर. खोलीपेक्षा निदान दहा अंश कमी यायला हवं. आई काय म्हणते ते ऐकू नकोस, थर्मामीटर काय म्हणतो ते बघ. आजच बघ.

आता दुसरं. ताई, आईची खोली खाली आहे. मागच्या अंगणाला लागून, पूर्वेच्या खिडकीची, दहा बाय दहा, आणि तिच्यावर तुमची झोपायची खोली. मी त्या खोलीत राहिलोय. एसी एक टनाचा घेतला तो त्याच हिशोबाने. बारा बाय चौदाची पश्चिमेची खोली तुमच्या घरात एकच आहे, गच्चीवरची. तू आईला गच्चीवर ठेवलं आहेस.

हे मला तुझं मापांचं पत्र वाचून त्याच दिवशी कळलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग तू ने तिला. आणि ते म्हणायचा तुला पुरेपूर हक्क आहे. बाबा गेल्यावर आपलं सहा-सहा महिन्यांचं ठरलं होतं. आई माझ्याकडे पाच महिने राहिली. नंतर मी म्हटलं, दुकानाचा आवाज आहे, जागा बदलतोय, दोन महिन्यांत घेऊन जातो. त्याला तीन वर्षं झाली.

शेवटचा आलो होतो तेव्हा आई पिशवी भरून, चांगलं लुगडं नेसून खुर्चीवर बसली होती. मी चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो, ती पिशवी दिसलीच नाही असं दाखवलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. तेव्हापासून तुमच्या दारात यायची माझी हिंमत होत नाही. सुगीबिगी काही नाही ताई. माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, दोन दिवस सहज निघालो असतो.

मिशीवाल्याला काल फोन केला. त्याला तुझा फोन आलाच नव्हता. तू खोटं लिहिलंस आणि मला ते सोयीचं होतं, म्हणून मी तपासलं नाही. आणि पंप न लावायचा सल्ला, जो मी माझ्या माणसांना देत नाही, तो माझ्या आईच्या खोलीसाठी दिला. पंप मिशीवाल्याकडे होता. त्याला बोलावून घे असं ठामपणे लिहायला एक ओळ पुरली असती.

थर्मामीटरचं लगेच कळव.

छोट्या

९ मे

छोट्या,

खोलीत सदतीस. एसीच्या तोंडाशी छत्तीस.

तुझं पत्र काल दुपारी शाळेत मिळालं. मी सुट्टीतला जादा वर्ग सोडला, थर्मामीटर घेतला आणि रिक्षाने घरी आले. एरवी मी साडेपाचला येते, तेव्हा तीन वाजले होते. जिना आवाज न करता चढले. का ते मलाच माहीत नाही, कदाचित मनात कुठेतरी कळलं होतं. आई फरशीवर आडवी होती, उशीसुद्धा नाही, ओला पंचा छातीवर. एसी चालू होता आणि नुसती गरम हवा फेकत होता. शाल घडी करून खाटेच्या दांडीवर ठेवलेली.

आधी तिला खाली नेलं. भाऊजी आणि मी, दोन्हीकडून धरून, सोळा पायऱ्या. मग डॉक्टरीणबाई आल्या, सलाईन लावलं, संध्याकाळी ती बोलायला लागली. वेळेत खाली आणलंत, म्हणाल्या. वेळेत म्हणजे काय, ते त्यांना कुठे माहीत होतं.

गळती मी नंतर शोधली. जाड नळीच्या नटाशी बुडबुडे आले. दोन पाने तू लिहिले होतेस. दुसरा पाना शिडीवर भाऊजींच्या हातात होता आणि मला धीर नव्हता. एकाच पान्याने आवळलं. आणि साबणाचा फेस मी लावलाच नव्हता. गार हवा आली आणि मी टाळ्या वाजवत बसले. नंतर खोली गार लागत नाही हे मलाही रोज जाणवायचं, पण ती शाल बघून मी ते सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी गॅस संपला असणार. म्हणजे तुझा पंप राहू दे बाजूला, ते पाप माझ्या हातचं आहे.

आता खोलीचं. गेल्या ऑगस्टमध्ये पोरीला अभ्यासाला शांत जागा हवी होती. आई म्हणाली, मी जाते वर, मला काय, बसायचंच आहे. मी एकदा "नको" म्हटलं. एकदाच. मी ते दुसऱ्यांदा म्हणेन याची तिने वाट बघितली असेल का, हे आता डोक्यातून जात नाही. थंडीत ती खोली बरी होती. उन्हाळा आला तेव्हा तिला खाली आणणं म्हणजे आपण चुकलो असं कबूल करणं झालं असतं, म्हणून मी एसीच्या मागे लागले. मिशीवाला आला असता तर त्याने खोली बघितली असती आणि तुला सांगितलं असतं. म्हणून त्याला फोन केला नाही. खोटं बोलताना हात अडखळला नाही, पण मापं खोटी लिहवली नाहीत. बावीस वर्षांची सवय. पोरीने काल पुस्तकं उचलून स्वयंपाकघरात नेली. मला म्हणाली, मला कुणी विचारलंच नव्हतं, मी तर स्वयंपाकघरातही केला असता अभ्यास.

आईला मी रात्रीचं जेवण भरवताना विचारलं, दहा दिवस तू त्या भट्टीत शाल घेऊन बसलीस? तर म्हणाली, "दिवसभर कुठे गं. जिन्यात तुझी पावलं वाजली की घ्यायचे."

का, म्हणून विचारलं. म्हणाली, "तुझ्या हाताला फोड आले होते."

मी रडायला लागले तर तिने माझ्याच डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, हे त्याला लिहू नकोस. मी म्हटलं, का नको, त्याचं यंत्र आहे. तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "त्याला कळलं तर यावं लागेल. त्याला नाही आवडत यायला."

तिने नको म्हटलं होतं, तरी मी लिहिलं आहे.

ताई

१३ मे

आई,

हे पत्र तुला आहे. तीन वर्षं मी ताईच्या पत्राखाली तुला नमस्कार टाकत आलो, तेवढ्यात भागवलं. आज तुला लिहायला बसलो तर सुरुवात कशी करायची तेच सुचेना, दोन कागद फाडले.

ताईने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नकोस. नट तिने चुकीचा आवळला, पण तिच्या हातात तो पाना मी दिला. मी हे काम तीस वर्षं करतो. लोकांच्या आया-आज्ज्यांच्या खोल्या थंड करून देतो, त्यांच्या हातचं पाणी पितो, "काही त्रास झाला तर फोन करा आजी" म्हणतो, आणि त्यांनी फोन केला तर त्याच दिवशी जातो. तू फोन केला नाहीस.

मिशीवाला उद्या सकाळी येईल. वरचा एसी उतरवून तो तुझ्या खालच्या खोलीत बसवेल, पंप लावून. तिथे तो पुरेल. त्याच्यासमोर शाल घेऊन बसलीस तर तो मला सांगणार आहे, तसं मी त्याला बजावलं आहे.

दुकानामागे सुट्या भागांची खोली होती, ती रिकामी केली आहे. तुझ्या सुनेने तिला रंग लावायला घेतला आहे. तिथे आवाज येतो हे खरं आहे, मी तुला खोटं सांगणार नाही. तुला यायचं असेल तर ये, नको असेल तर नको म्हण. पण माझ्या सोयीचं काय आहे ते बघून ठरवू नकोस. ते तू फार वर्षं केलंस आणि मी करू दिलं.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येतोय, एसी बघायला नाही. दार उघडलंस की तू नेहमीसारखं म्हणशील, कशाला आलास एवढी कामं टाकून. एवढं एक म्हणू नकोस आई. ते मला ऐकवणार नाही.

छोट्या